मिस्त्री, मास्तर आणि बाल्कनीचा कोपरा

वहिनींनी चोपन्न वर्षांत मिस्त्रींकडे पहिल्यांदाच काही मागितलं, आणि मागितलं ते काय, तर कुत्र्यासाठी मुतारी.

"बाल्कनीत एक कोपरा करून द्या त्याला, भावजी," उशीला टेकून बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला जमेल तसा. घाई नाही. म्हणजे रविवारच्या आत झाला तर बरं."

तो सोमवार होता. वहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. पलंगाशेजारी नवाकोरा वॉकर उभा होता आणि पलंगाखाली मास्तर झोपला होता. मास्तर म्हणजे कुत्रा. तपकिरी, थोराड, अकरा वर्षांचा. दोन्ही डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळं आणि चेहऱ्यावर कायम वही तपासत असल्याचा भाव, म्हणून मिस्त्रींच्या थोरल्या भावानं त्याला आणलं त्याच दिवशी हे नाव ठेवलं होतं. भाऊ जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत वहिनी आणि मास्तर, असे दोघंच. इमारतीला लिफ्ट नाही. सकाळ-संध्याकाळ वहिनी त्याला पट्टा लावायच्या आणि दोघं एकमेकांना सांभाळत जिना उतरायचे. आता वहिनींना तीन महिने जिन्याकडे बघायचीही बंदी होती.

पुतण्यानं, म्हणजे वहिनींच्या मुलानं, रजा काढून आठ दिवस सगळं निभावलं होतं. पोरगा वाईट नव्हता. दिवसातून तीनदा कुत्र्याला घेऊन खाली-वर करताना त्याच्या नाकी नऊ आले, तरी तोंडातून शब्द काढला नाही. पण त्याची नोकरी दुसऱ्या शहरात, आणि रजा संपली. निघताना तो दोघांसमोर उभं राहून स्पष्ट बोलला.

"आई, तू उतरू शकत नाहीस. काकांचे गुडघे काय आहेत ते काकांनाच विचार. माझ्या मित्राची गावाबाहेर मोकळी जागा आहे, तिथं दोन कुत्री आहेतच, तिसरं राहील. मी रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. तोवर याची घरातल्या घरात सोय झाली आणि हा तिथं जायला लागला, तर राहू दे. मी एक शब्द बोलणार नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

हे 'बरं' मिस्त्री ओळखून होते. भाऊ गेल्याचं डॉक्टरांनी येऊन सांगितलं, तेव्हाही वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या.

मिस्त्री नऊ वर्षांचे असताना आईवडील पाठोपाठ गेले आणि कपड्यांचं एक गाठोडं घेऊन ते थोरल्या भावाच्या एका खोलीच्या संसारात येऊन पडले. वहिनींच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. नाक गळणाऱ्या त्या पोराला वहिनींनी पहिल्या दिवशी हाक मारली ती "भावजी, हातपाय धुऊन घ्या," अशी. अहोजाहो! शेजारच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. वहिनींनी ढिम्म बदल केला नाही. शाळेत नापास होऊन आले तरी 'भावजी, तुम्ही', आणि चौदाव्या वर्षी फरशीच्या कामावर जाऊन सिमेंटनं सोललेले हात घेऊन आले तरी 'भावजी, तुम्ही'. जगात कुणी आपल्याला माणसात धरतं, हे त्यांना त्या हाकेवरून कळलं. ते मात्र वहिनींना पहिल्यापासून अगंतुगं करत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पुढे फरशीच्या कामात त्यांचं नाव झालं. नाव म्हणजे खरं नाव लोक विसरले, नुसतं 'मिस्त्री' उरलं. फरशी कुणीही बसवतं, ढाळ काढणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही. पाणी नेमकं जाळीकडे जावं आणि चालणाऱ्याच्या पायाला उतार कळूही नये, हे मिस्त्रींना जमायचं. काम संपलं की ते मोरीत तांब्याभर पाणी ओतत आणि पाठ फिरवून उभे राहत. घरमालक वाकून वाकून बघायचा. मिस्त्री बघत नसत, कारण पाणी कुठं जाणार हे त्यांना ठाऊक असायचं. दुसरी त्यांची ख्याती सांध्यांची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फरशीची ओळ न्यावी तर त्यांनीच. मध्ये दार आहे हे फरशीला कळू द्यायचं नाही, असं ते म्हणत. या सगळ्याच्या बदल्यात त्यांनी दोन्ही गुडघे देऊन टाकले होते.

कुत्र्यांशी त्यांचं वैर नव्हतं. पण ओल्या सिमेंटवरून नेमका चालत जाणारा प्राणी म्हणून कुत्र्यांविषयी त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. तरीही वहिनींनी मागितलं होतं. त्यांनी ताजमहाल मागितला असता तर मिस्त्रींना इतकं दडपण आलं नसतं. बायकोला फोन करून त्यांनी आठवडाभर येत नसल्याचं सांगितलं, हत्यारांची पिशवी मागवून घेतली आणि बाल्कनीचं माप काढलं.

बाल्कनी रुंदीला तीन फूट, लांबीला सात. खाली जुना तडे गेलेला खरबरीत कोबा, कोपऱ्यात पाणी जायला भोक, दारात दोन इंचांचा उंबरा. खोलीतली फरशी मात्र मिस्त्रींनी स्वतः बसवलेली, भावानं घर घेतलं त्या वर्षीची, सत्तावीस वर्षांपूर्वीची. राखाडी, बारीक ठिपक्यांची. जास्तीची एक पेटी जपून ठेव, असं त्यांनी भावाला तेव्हा बजावलं होतं आणि भावानं ती खरंच पलंगाखाली ठेवली होती. मिस्त्रींनी ती ओढून बाहेर काढली, धूळ पुसली आणि त्यांचे डोळे चमकले.

सोमवारी त्यांनी उंबरा फोडून काढला. वहिनी पुढेमागे वॉकर घेऊन आल्या, तर चाक अडायला नको. मंगळवारी खोलीच्या पलीकडच्या भिंतीपासून दोरी धरली आणि आतली ओळ तशीच बाल्कनीत नेली. सांध्याला सांधा. कोपऱ्यातल्या जाळीकडे दर फुटाला सूतभर ढाळ. नव्या फरशीला तकाकी जास्त होती, ती जुनीशी जुळेना, म्हणून ते पॉलिश पेपर घेऊन एकेक फरशी घासत बसले आणि तिची चमक उतरवली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींसाठी काम करायचं तर ते असं, एवढाच हिशोब. संध्याकाळी उठताना गुडघ्यांनी कडाकडा शिव्या दिल्या, पण मिस्त्री दारात उभे राहून आपल्या कामाकडे बघत राहिले. खोली कुठं संपली आणि बाल्कनी कुठं लागली, हे त्यांना स्वतःलाही शोधावं लागत होतं.

हे चाललेलं असताना मास्तरला खाली न्यायचं कामही त्यांच्याकडेच होतं. बुधवारी सकाळी ते उरकून परत येताना दुसऱ्या मजल्यावर त्यांचा उजवा गुडघा अडकला. ना पुढे, ना मागे. ते पायरीवर बसले. आता हे धूड पट्टा ओढून आपल्याला जिन्यावरून लोळवत नेणार, असं त्यांना वाटलं. मास्तर त्यांच्या खालच्या पायरीवर आला आणि त्यांच्या दुखऱ्या पायाला अंग लावून बसला. अर्धा तास. पट्ट्याला एक हिसका नाही. तळमजल्यावरची शिंपीणबाई कपडे द्यायला वर आली तेव्हा तिला दोघं तसे सापडले. तिनं मिस्त्रींना हात देऊन वर पोचवलं.

"आता जिना बंद बरं का, मिस्त्री," ती म्हणाली. "एका घरात दोन वॉकर मावायचे नाहीत."

म्हणजे आता सगळी भिस्त बाल्कनीवर. संध्याकाळपर्यंत सिमेंट वाळलं होतं. मिस्त्रींनी तांब्याभर पाणी ओतलं, पाठ फिरवली, मनात दहा मोजले. पाणी जाळीतून गेलं होतं. मग जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: जागा एकच ठेवा, खाणं झालं की लगेच तिथं न्या, चुकला तर ओरडू नका, आणि जमलं की तोंडभरून कौतुक करा. सोपं होतं. मास्तरचं खाणं झाल्यावर मिस्त्री त्याला बाल्कनीत घेऊन गेले.

मास्तरनं नवी फरशी हुंगली. गजांतून खालचा रस्ता पाहिला. दोनदा गोल फिरला. मिस्त्रींनी कौतुकासाठी तोंड उघडलं. आणि मास्तरनं त्या थंडगार फरशीवर सगळं अंग सोडून दिलं, पाय ताणले आणि तो घोरायला लागला.

"काय झालं?" आतून वहिनींनी विचारलं.

"आवडली त्याला," मिस्त्री म्हणाले. दुसरं काय सांगणार?

रात्र गेली. गुरुवारची सकाळ झाली. मास्तर आता घराच्या मुख्य दाराशी जाऊन बसला होता. मिस्त्रींनी त्याला बाल्कनीत नेलं, तो आला. उभा राहिला, परत दाराशी गेला. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. भुंकणं नाही, कण्हणं नाही. मागचे पाय एकमेकांना चिकटवून तो बसला होता आणि त्याच्या मांड्या थरथरत होत्या. मिस्त्री त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. बुधवार सकाळपासून पंचवीस तास झाले होते. माणसाचं काय झालं असतं? मिस्त्रींनी स्वतःचा विचार केला आणि त्यांना तिथल्या तिथं उठून जावंसं वाटलं.

घर ओलं करायचं नाही, असं अकरा वर्षांपूर्वी कधीतरी भावानं याला पिल्लू असताना शिकवलं असणार. शिकवणारा गेला. आता बघणाराही कुणी नव्हता, ओरडणार तर कुणीच नव्हतं. तरी हा मुका जीव आतून फाटत असताना ते पाळत होता. आणि तो जपत होता ती फरशी मिस्त्रींची होती. सत्तावीस वर्षांत तिच्यावर लोकांनी काय नाही केलं! कपाटं ओढली, कुकर आपटले, रंगाचे डबे सांडले. आपल्या कामाचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नाही, हे मिस्त्रींच्या मनात आलं. कुत्र्यासमोर डोळे पुसायची वेळ त्यांच्यावर पूर्वी कधी आली नव्हती.

शेवटी त्यांनी बाल्कनीतून शिंपीणबाईला हाक मारली. ती मशीन थांबवून आली, मास्तरला घेऊन गेली आणि वर आली ती डोळे विस्फारून.

"अहो, माझ्या खिडकीसमोरच्या झाडाशी उभा राहिला, तो संपेचना! एक अख्खी बाही शिवून झाली असती माझी. जनावर आहे का कोण आहे?"

डॉक्टरबाईंना मात्र हे ऐकून कौतुक वाटलं नाही. असं धरून ठेवणं चांगलं नाही, त्या म्हणाल्या, मूत्राशयाला इजा होईल, या वयात ती भरून यायची नाही. शिंपीणबाईनं शनिवारपर्यंत रोज सकाळी एकदा यायचं कबूल केलं. पुढे तिच्याकडे एका लग्नाचे कपडे शिवायला पडले होते, तीन महिने रोज जिना चढायचं ती कशी कबूल करणार? मिस्त्रींनी सगळे उपाय केले. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. मास्तर पाऊल वाचवून त्याच्या कडेनं गेला. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकवला. त्या आवाजानं मिस्त्रींनाच जायची इच्छा झाली. वहिनी पलंगावरून सगळं बघत होत्या. एकदाही 'कधी होईल' म्हणाल्या नाहीत. फक्त शुक्रवारी दुपारी त्या मास्तरच्या कानामागे बोटं फिरवत राहिल्या, आणि मिस्त्रींनी मान दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळानं वहिनीच बोलल्या. दिराचं तोंड उतरलेलं त्यांना बघवलं नसावं.

"भावजी, काम मात्र सुरेख केलंत हो तुम्ही. मी इथून बघतेय तीन दिवस. खोली कुठं संपते ते मला कळतच नाही."

मिस्त्री क्षणभर फुलले. इतक्या वर्षांत इतकं नेमकं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि तोंडावरचं हसू तसंच असताना त्यांनी वहिनींचं शेवटचं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

ते खुर्चीतून उठले, गुडघ्यांची समजूत घालत जमिनीवर बसले, मग सरळ आडवे झाले आणि गाल फरशीला टेकवला. मास्तरच्या डोळ्यांच्या उंचीवर. पलंगाखालून ठिपक्यांची ओळ निघाली होती. ती कपाटाशेजारून, दाराच्या चौकटीतून, कुठंही न थबकता थेट गजांपर्यंत गेली होती. ना उंबरा, ना पट्टी, ना रंगात फरक. तळवे फिरवून पाहिले तर तीच गुळगुळीत थंडाई. त्यांनी घराबाहेर जागा केलीच नव्हती. त्यांनी घर तीन फुटांनी वाढवलं होतं. मास्तर बिचारा काय चुकीचं करत होता?

"अहो, पडलात की काय?" वहिनी घाबरून म्हणाल्या.

"नाही गं. उठतोच आहे," मिस्त्री म्हणाले, "मला छिन्नी घेऊ दे."

पहिला घाव घालताना त्यांचा हात जड झाला हे खरं आहे. ज्याला सांधा म्हणून कुणी ओळखलं नसतं, तिथं छिन्नी लावून त्यांनी हातोडा मारला. ठिपक्यांची फरशी मधोमध चिरली.

"भावजी! इतकं छान झालं होतं की."

"तेच चुकलं," मिस्त्री म्हणाले आणि दुसरा घाव घातला.

संध्याकाळपर्यंत बाल्कनी उघडीबोडकी झाली. होता तो खरबरीत कोबा आणि उंबरा तसाच ठेवला असता तर कदाचित पहिल्याच दिवशी काम झालं असतं, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं होतं. पण आता त्यावर रडत बसायला वेळ नव्हता. घरासमोरच्या पायवाटेला जे ओबडधोबड सिमेंटचे ठोकळे लावले होते, त्यातले उरलेले तळमजल्यावर जिन्याखाली पडून होते. मास्तर अकरा वर्षं रोज त्यांच्यावरूनच चालला होता. सोसायटीची परवानगी काढून शिंपीणबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं ते वर आणून दिले. शनिवारी मिस्त्रींनी ते नुसत्या वाळूत बसवले. उंबरा उंच करता येत नव्हता, वहिनींचा वॉकर होता. म्हणून दारात त्यांनी वीतभर रुंद, टाक्या मारून खरबरीत केलेल्या दगडाची पट्टी टाकली, खोलीच्या बरोबरीनं, पण पायाला टोचणारी. आणि दोन्ही बाजूंना सांधा ठेवला, चांगला बोटभर. आंधळ्याला दिसेल असा. आयुष्यात इतका जाड सांधा त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. एखाद्या नवशिक्यानं केला असता तर त्यांनी त्याला कामावरून घरी पाठवलं असतं.

कोपऱ्यात जाळीच्या वर त्यांनी लाकडी चौकट केली, खाली खडी, वर वाळू. शिंपीणबाई सकाळी मास्तरला घेऊन गेली होती, ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात मातीनं भरलेला पत्र्याचा डबा होता.

"झाडाखालची आहे," ती म्हणाली. "पण कुठलीही नाही हं आणलेली. डावीकडची जागा त्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या कुत्र्याची, मधली कुणाचीही. मास्तरची उजवीकडची, मुळाशी. मी नऊ वर्षं खिडकीतून बघतेय. ताजी आहे, धरा."

मिस्त्रींनी तो डबा दोन्ही हातांनी घेतला.

"आणि खांब कुठाय?" शिंपीणबाईनं चौकटीकडे बघत विचारलं. "पाय कशावर वर करणार तो? हवेवर?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग जिन्याखालून एक जाडजूड लाकडी ओंडका आला आणि मिस्त्रींनी तो चौकटीत पक्का रोवला.

संध्याकाळी त्यांनी मास्तरला आणलं. दगडी पट्टीवर त्याचा पुढचा पंजा पडला आणि तो थांबला. मान खाली घालून त्यानं पट्टी हुंगली, मग ठोकळे, मग चौकट. मातीशी पोचल्यावर मात्र त्याचं सगळं अंग स्तब्ध झालं, नुसतं नाक चालू होतं. वीस मिनिटं. मिस्त्री दाराला टेकून बघत होते. त्या मूठभर मातीत काय होतं? अकरा वर्षांच्या सकाळी असतील. कोपऱ्यावरचा पांढरा कुत्रा असेल. भावाच्या चपलांचा काही अंश अजून असेल का? माणसाला ओली माती दिसत होती आणि हा तिच्यातून कुठल्या कुठं जाऊन येत होता. आपण चौसष्टाव्या वर्षाला आलो आणि या जगातलं आपल्याला किती कमी कळलं, या विचारानं मिस्त्रींना भोवळ आल्यासारखं झालं. मास्तरनं ओंडक्याशी जाऊन मागचा पाय किंचित उचललासुद्धा. मग त्यानं वळून घराकडे पाहिलं, पाय खाली ठेवला आणि तो आत येऊन पलंगाशी बसला.

रविवारी नऊला पुतण्या आला. त्याच्या हातात एक मोठी पिशवी होती. त्यानं बाल्कनी बघितली, ओंडका बघितला, काकांचे फुटलेले हात बघितले.

"गेला का तो इथं?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," मिस्त्री म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं.

पुतण्यानं मास्तरची खाण्याची ताटली आणि पांघरूण पिशवीत भरलं आणि खुंटीवरचा पट्टा काढला. पट्ट्याच्या कडीचा आवाज झाला मात्र, मास्तर ताडकन उभा राहिला. त्याचे पाय गुरुवारसारखेच थरथरत होते.

"तो पट्टा इकडे दे," वहिनी म्हणाल्या.

"आई, मी नेतो ना खाली."

"इकडे दे म्हटलं."

त्यांनी पट्टा मास्तरच्या गळ्यात अडकवला, वॉकर पुढे ओढला आणि त्या उभ्या राहिल्या. पलंगापासून मोरीपर्यंतची सहा पावलं, एवढीच त्यांची आतापर्यंतची मजल. बाल्कनीचं दार अकरा-बारा पावलांवर होतं. पुतण्या पुढे झाला, तसा मिस्त्रींनी त्याचा दंड धरला. वहिनींनी पट्टा मनगटाला गुंडाळला होता आणि त्या वॉकर ठेवत होत्या, पाऊल टाकत होत्या, थांबत होत्या. कपाळावर घाम होता. मास्तर त्यांच्या डाव्या अंगाला, त्यांच्याच चालीनं येत होता. पोटात कळा येत असलेलं ते जनावर एक बोटभरही पुढे जात नव्हतं. दोघांत कोण कुणाला नेत होतं, ते मिस्त्रींना सांगता आलं नसतं.

दगडी पट्टीशी वहिनी थांबल्या आणि त्यांनी मनगटाचा पट्टा सैल सोडला.

"चल मास्तर," त्या म्हणाल्या, "आलो आपण बाहेर."

मास्तरनं वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं, वही तपासावी तसं. मग तो पट्टी ओलांडून गेला, ठोकळ्यांवरून चौकटीशी पोचला, ओंडका एकदाच हुंगला आणि त्यानं पाय वर केला.

कुणी हललं नाही. मातीवर पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता आणि तो येतच राहिला. वहिनींनी डोळे मिटले होते. पुतण्या तोंड किंचित उघडं टाकून उभा होता, लहानपणी असायचा तसा. मिस्त्रींना तोंडभरून कौतुक करायचं होतं, डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, पण हात जोडावेत असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते जोडलेही.

मास्तर वळला. ठोकळ्यांवरून परत आला आणि दगडी पट्टीवर येऊन अडला. खोलीतल्या ठिपक्यांच्या फरशीवर त्यानं पाऊल ठेवलं नाही. उजवा पंजा वर उचलून तो तसाच तीन पायांवर उभा राहिला.

"काय झालं? काही टोचलं का त्याला?" मिस्त्री घाईनं पुढे झाले.

वहिनींनी डोळे उघडले होते आणि त्या हसत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

"काही टोचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फिरून आलं की मी दारात पाय पुसते त्याचे. त्याशिवाय तो घरात येत नाही. अहो भावजी, तो बाहेरून आलाय."

मिस्त्री गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तो उचललेला पंजा आपल्या हातात घेतला. पुतण्यानं हातातली पिशवी पलंगाखाली सारली आणि तो फडकं आणायला आत गेला.